काकूंच्या पिशवीतल्या दोन गोळ्या

पत्र: ताई, मी 27 वर्षांची आहे. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात राहते. 2021 ला बी. फार्म. झाले. दीड वर्ष गोव्यात वेर्ण्याच्या एका औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला होते. आईला डायबेटिस आहे, तिची नजर अधू झाली म्हणून परत आले. सध्या नोकरी नाही. माझं फार्मासिस्टचं रजिस्ट्रेशन शेजारच्या गावातल्या एका मेडिकलला लावलंय. मालक महिन्याला सहा हजार देतात, मी तिथे जात नाही. सगळेच असं करतात. आता मामा म्हणतात, कर्ज काढून गावात स्वतःचं मेडिकल टाक. मैत्रीण पुण्यात एका साखळी दुकानात आहे, ती तिकडे बोलावते. मला स्वतःला फार्म. डी., म्हणजे हॉस्पिटलातल्या फार्मासिस्टचं पुढचं शिक्षण, करावंसं वाटतं. पण खरं सांगू का, कशातच राम वाटत नाही. लोक औषधं मोबाइलवर मागवतात, भरपूर सवलत मिळते. ग्रामीण रुग्णालयाशेजारी जनऔषधी केंद्र निघालंय. चिठ्ठीसुद्धा आता संगणक वाचतो म्हणे. दहा वर्षांनी फार्मासिस्ट लागेल का? परवा काका सगळ्यांसमोर म्हणाले, "चार वर्षं शिकून शेवटी गोळ्याच विकायच्या ना!" मला उत्तर सुचलं नाही. सध्या मी आईच्या गोळ्या वारांच्या डबीत लावून देते. ते बघून शेजारच्या काकूही पिशवी घेऊन येतात. परवा त्यांच्या पिशवीत बीपीच्या दोन वेगवेगळ्या नावांच्या स्ट्रिप दिसल्या, दोन्हींत टेल्मिसार्टन 40. एक गावातल्या डॉक्टरांची, दुसरी कराडच्या दवाखान्यातली, तिच्यात क्लोरथॅलिडोनपण आहे. काकू दोन्ही घेतात. त्यांना सकाळी उठताना गरगरतं. मी काही बोलले नाही, डॉक्टरांना राग येईल असं वाटलं. (नाव छापू नये.)

प्रिय मुली,

माझी धाकटी तुझ्याच वयाची आहे, म्हणून एकेरीत लिहिते. तुझ्या भविष्याचं बोलूच, पण आधी काकूंच्या पिशवीचं. हे छापून येईपर्यंत थांबायला नको म्हणून तुला त्याच दिवशी निरोप पाठवला होता. इथे लिहिते ते बाकीच्यांच्याही उपयोगी पडेल.

दोन चिठ्ठ्या, दोन डॉक्टर, दोन नावं आणि आत औषध एकच. आपल्याकडे हे इतक्या घरांत आहे की प्रत्येक पिशवी उघडताना मी आधी हेच बघते. घाबरून जाऊ नकोस; टेल्मिसार्टन दिवसाला 80 मिलिग्रॅमपर्यंत देतात. पण काकूंना ते कुणी ठरवून दिलेलं नाही. गावातल्या डॉक्टरांना कराडची चिठ्ठी माहीत नाही, कराडच्यांना गावातली. वर क्लोरथॅलिडोन आहे, म्हणजे लघवीवाटे पाणी आणि क्षारही जाणार. त्या वयाच्या बाईला पहाटे उठताना गरगरतं याचा अर्थ एखाद्या दिवशी त्या न्हाणीघरात पडतील आणि खुबा मोडेल. मग सगळे म्हणतील, पाय घसरला.

तू स्वतः एकही गोळी बंद करू नकोस आणि काकूंनाही करू देऊ नकोस. आजच्या आज त्यांचं बीपी बसून आणि मग उभं राहून मोजून घे, आकडे लिहून ठेव. दोन्ही स्ट्रिप आणि दोन्ही चिठ्ठ्या समोर ठेव आणि पुढची गोळी घ्यायची वेळ येण्याआधी गावातल्या डॉक्टरांना फोन कर. असं म्हण: "डॉक्टर, मी फार्मासिस्ट बोलतेय. तुमच्या पेशंटकडे दोन ठिकाणच्या चिठ्ठ्या आहेत, दोन्हींत टेल्मिसार्टन 40 आहे, एकात क्लोरथॅलिडोनही. सकाळी गरगरतं. बीपी बसून इतकं, उभं राहून इतकं. कोणती चालू ठेवायला सांगू?" एवढंच. "तुमचं चुकलं" असं त्यात कुठेच येत नाही, कारण त्यांचं चुकलेलंच नाही.

राग येईल का? मी इचलकरंजीत चौतीस वर्षं काउंटरवर उभी आहे. असे फोन किती केले त्याची मोजदाद नाही. सुरुवातीला दोघाचौघांनी तोडून बोलून फोन ठेवला, हे खरं. त्यातल्याच एकांनी पुढे मला त्यांच्या वडिलांच्या औषधांची यादी तपासायला दिली. बहुतेक डॉक्टर म्हणतात, बरं झालं सांगितलंत.

आता तुझा प्रश्न. काकूंची पिशवी उघडून दोन स्ट्रिपवरचं बारीक अक्षर तू वाचलंस, ते काम दहा वर्षांनीही लागणार आहे, आजच्यापेक्षा जास्त लागणार आहे. ज्याचे तुला महिन्याला सहा हजार मिळतात ते काम लागणार नाही, आणि ते आजही व्हायला नको.

मला ठाऊक आहे, हे वाचून तुला वाईट वाटेल. तू लपवलं नाहीस, सरळ लिहिलंस, म्हणून मीही सरळ लिहिते. सगळेच करतात म्हणालीस. सगळे नाही, पण पुष्कळ करतात. फार्मसी कायदा 1948 चा आहे. डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचं, हे त्याच्या 42 व्या कलमात आहे. 1945 च्या औषध नियमांतही फार्मासिस्टच्या देखरेखीशिवाय चिठ्ठीवरचं औषध देता येत नाही. म्हणजे आपला देश स्वतंत्र झाल्यापासूनची ही गोष्ट, आणि तरी 2012 च्या सुमारास महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना त्यांना राज्यभर दुकानं तपासत फिरावं लागलं, फार्मासिस्ट हजर आहे की नुसतंच प्रमाणपत्र टांगलंय ते बघायला. तेव्हा आमच्या धंद्यातल्या लोकांनी बंदही पाळले. मी त्या वेळी संघटनेच्या बैठकीत उठून म्हटलं होतं की हा माणूस आपल्या पदवीची किंमत वाढवतोय. फारसं कुणाला पटलं नाही.

काउंटरवर फार्मासिस्ट नसला की काय होतं, ते मी माझ्याच दुकानातलं सांगते. दुकान टाकून सहा वर्षं झाली होती. दुपारी मी जेवायला घरी गेले, काउंटरवर एक हुशार मुलगा होता, बारावी झालेला. संधिवाताच्या एका बाईंची चिठ्ठी आली, त्यात मेथोट्रेक्झेट होतं. हे औषध संधिवातासाठी आठवड्यातून एकदा घेतात. त्या मुलाने सवयीने पाकिटावर लिहिलं, रोज एक. नवव्या दिवशी बाईंचा मुलगा आला आणि म्हणाला, आईच्या तोंडात फोड आलेत, पाणीसुद्धा गिळता येत नाही, तापही आहे. स्ट्रिप बघितली आणि माझे हातपाय गळाले. सांगलीला दवाखान्यात त्या तीन आठवडे होत्या. वाचल्या. माझं प्रमाणपत्र तेव्हा भिंतीवरच होतं, चौकटीत, काच पुसलेली. त्या दिवसापासून मी जेवणाचा डबा दुकानात आणते.

तुझ्या नावावर चालणाऱ्या त्या दुकानात आज दुपारी काय दिलं गेलं, तुला माहीत आहे का? शेड्यूल एच-वनचं रजिस्टर कोण लिहितं? 1 मार्च 2014 पासून ते ठेवावं लागतं. डॉक्टरचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध, किती दिलं, सगळं नोंदवायचं आणि तीन वर्षं जपायचं. टीबीची औषधं, मोठी अँटिबायोटिक्स, अल्प्राझोलाम, ट्रॅमाडॉल, कोडीन, झोपेच्या गोळ्या, सगळी त्या यादीत. यातली काही पोरं नशेसाठी घेतात, हे तुला मी सांगायला नको. उद्या त्यात काही सापडलं तर मालक म्हणेल, फार्मासिस्ट मॅडमना विचारा. फार्मसी कौन्सिलने नोंदणी काढून घेतली तर चार वर्षांचं शिक्षण आणि पुढची सगळी दारं एकदम बंद होतील.

आणखी एक हिशेब बघ. फार्मासिस्टला नीट पगार का मिळत नाही? प्रमाणपत्र सहा हजारांत भिंतीवर मिळतंय तोवर जिवंत फार्मासिस्टला बावीस-पंचवीस हजार देऊन मालक दिवसभर कशाला उभा करील? तुझ्या वर्गातल्या ज्या मुली पंधरा हजारांत बारा-बारा तास राबतायत, त्यांचा भाव असाच पडलाय. हे तू एकटीने केलेलं नाहीस. पण त्यात तुझा वाटा आहे आणि तो तू काढून घेऊ शकतेस.

आता जे खरोखर जाणार आहे त्याबद्दल. चिठ्ठी वाचायची, कपाटातून स्ट्रिप काढायची, कातरीने दहाच्या सहा गोळ्या कापायच्या, बिल करायचं, हे काम माणसाच्या हातून सुटत चाललंय. ऑनलाइन औषधविक्रीच्या नियमांचा मसुदा केंद्राने 2018 च्या ऑगस्टमध्ये काढला. तो वर्षानुवर्षं मसुदाच राहिला, कोर्टकज्जे झाले आणि धंदा मात्र वाढत गेला. 2020 च्या मार्चअखेर टाळेबंदीत घरपोच औषधं द्यायला सरकारने परवानगी दिली आणि लोकांना सवय लागली. मोठ्या कंपन्यांच्या सवलतींशी दुकानदार भांडू शकत नाही, कारण त्याच्याकडे तेवढं मार्जिनच नाही. सरकारने किंमत बांधलेल्या औषधांवर किरकोळ विक्रेत्याला 16 टक्के आणि बाकीच्यांवर रीतीने साधारण 20. शंभराच्या विक्रीत वीस धर. गिऱ्हाईक टिकवायला दहा टक्के सवलत दिलीस की राहिले दहा. महिन्याला तीन लाखांची विक्री झाली, आणि तालुक्याच्या गावात नव्या दुकानाला ती सहज होत नाही, तरी हातात तीस हजार. त्यातून भाडं, फ्रिज चोवीस तास चालू म्हणून लाइटबिल, मदतीच्या मुलाचा पगार, एक्स्पायरीचा न परत गेलेला माल आणि तुझ्या बाबतीत कर्जाचा हप्ता. मामांना हे कागदावर मांडून दाखव.

म्हणून मामांचा बेत आत्ता नको, असं माझं स्पष्ट मत आहे. दुकान वाईट नाही, माझं आयुष्य त्यातच गेलं. पण नुसत्या विक्रीवर उभं राहणारं नवं दुकान कर्ज काढून आज टाकू नये. ज्या दुकानात फार्मासिस्ट आहे म्हणून लोक येतात, तसं दुकान टाकायला आधी तसा फार्मासिस्ट तयार व्हावा लागतो. तो कसा, ते पुढे लिहिते.

संगणक चिठ्ठी वाचतो, वाचू दे. दोन औषधं एकमेकांना मारक असली तर तो माझ्याआधी ओळखेल, मला त्याचा आनंदच आहे. पण आमच्याकडे एक यंत्रमाग कामगार यायचे, कापसाच्या धुळीने दमा झालेला. चिठ्ठी बरोबर, औषध बरोबर, तारीख बरोबर, महिनाभर औषध चालू आणि दमा तसाच. मी म्हटलं, कसं घेता ते दाखवा बघू. त्यांनी मशीनमध्ये घालून ओढायची कॅप्सूल तोंडात टाकली आणि पाण्याबरोबर गिळली. मशीन घरी कपाटात नवंकोरं होतं. महिनाभर श्वासावाटे छातीत जायचं औषध पोटात जात होतं. ही चूक कुठल्याच कागदावर नव्हती, मग ती संगणकाला कुठून दिसणार? "दाखवा बघू" म्हणणारं कुणीतरी समोर लागतं.

तुझ्या आईचंच बघ. ती इन्सुलिन घेते का, घेत असेल तर बाटलीतून की पेनने, तू लिहिलं नाहीस. बाटली असेल तर आज तिची सिरिंज बघ. आपल्याकडे बाटल्या बहुतेक 40 च्या, म्हणजे एका मिलिलिटरला 40 युनिटच्या, असतात, त्यांना लाल टोपणाची सिरिंज लागते. नारिंगी टोपणाची सिरिंज 100 ची. 40 च्या बाटलीतलं औषध चुकून नारिंगी सिरिंजमध्ये वीसच्या रेघेपर्यंत भरलं तर आत जातात आठच युनिट. साखर वाढत राहते, डॉक्टर डोस वाढवत राहतात. उलट चूक झाली, 100 चं औषध लाल सिरिंजमध्ये वीसच्या रेघेपर्यंत भरलं, तर वीसऐवजी पन्नास युनिट जातात आणि माणूस झोपेतच बेशुद्ध होतो. दुकानातला मुलगा "सिरिंज द्या" म्हटलं की हाताला येईल ती देतो. नजर अधू झालेल्या बाईला टोपणाचा रंग तरी दिसतो का, हे विचारणारं कुणी नको का? आणि बाटली फ्रिजच्या दारात आहे की बर्फाच्या कप्प्यात? गोठलेलं इन्सुलिन वितळून दिसायला तसंच दिसतं, पण ते टाकूनच द्यायचं.

असं कितीतरी आहे. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी घेतात, हे लोकांना माहीत असतं, पण कॅल्शियम आणि लोहाच्या गोळीत तिच्यापासून चार तासांचं अंतर लागतं, हे माहीत नसतं. नायट्यावर शेजारणीने दिलेलं मलम लावतात, त्यात तगडं स्टेरॉइड असतं. चार दिवस खाज थांबते, मग नायटा मांडीभर पसरतो आणि कातडी कागदासारखी पातळ होते. 2018 मध्ये अशी चौदा स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी झाली, तरी गिऱ्हाईक ट्यूबचं रिकामं खोकं आणून पुढे करतं, "हेच द्या". ते न देता त्याला न दुखावता त्वचेच्या डॉक्टरकडे पाठवायचं, हे मला यायला दहा वर्षं लागली.

लहान मुलांचं तर फारच जपायला हवं. 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात छिंदवाड्याची पोरं खोकल्याच्या सिरपने दगावली. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल निघालं. कित्येक मुलांवर नागपुरात उपचार चालू होते. औषध विषारी होतं, ती चूक कारखान्याची आणि तपासणीची. पण त्या सिरपमध्ये असलेली सर्दीची क्लोरफेनिरामिन-फेनिलेफ्रिनची जोडी चार वर्षांखालच्या मुलांना द्यायची नाही, हे केंद्राच्या औषध नियंत्रकांनी 2023 च्या डिसेंबरमध्येच सांगितलं होतं. किती काउंटरवर पोराचं वय विचारलं गेलं असेल? मी त्या आठवड्यात माझ्याकडच्या प्रत्येक सिरपचा बॅच नंबर ताडून पाहिला आणि रात्री घरी येऊन रडले. माझ्या दुकानात ती बॅच नव्हती, तरीही.

जनऔषधीची तुला भीती वाटते. मला ती तुझ्यासाठी संधी वाटते. 2008 ला ही योजना सुरू झाली, 2025 च्या सुरुवातीला देशात 15,000 केंद्रं झाली. प्रत्येक केंद्राला फार्मासिस्ट लागतोच, चालवणाऱ्याला 20 टक्के मार्जिन मिळतं. तिथे खरी गोची वेगळी आहे. चिठ्ठीवर ब्रँडचं नाव असतं, आणि शेड्यूल एचच्या, म्हणजे चिठ्ठीवरच द्यायच्या, औषधाला आपल्या मनाने बदली औषध देता येत नाही, नियमच तसा आहे. म्हणजे पुन्हा डॉक्टरला फोन, रुग्णाला समजावणं, "ही स्वस्त म्हणून हलकी नाही" हे पटवणं. आणि नवं पाकीट घरी गेलं की जुनं ब्रँडचं उरलेलं पाकीटही चालू राहत नाही ना, हे बघणं. तुझ्या काकूंसारख्या आणखी किती काकू अशाने तयार होत असतील.

इंग्लंडमध्ये 31 जानेवारी 2024 पासून घसादुखी, कानदुखी, बायकांच्या लघवीचा साधा जंतुसंसर्ग, नागीण असे सात आजार फार्मासिस्टच बघतो, ठरलेल्या चौकटीत औषधही देतो. आपल्या मुली तिकडचे व्हिडिओ पाहून मला विचारतात, आपल्याकडे कधी? माझं म्हणणं असं की तिथे त्यामागे शिक्षण आहे, नोंदी आहेत, कोण जबाबदार ते ठरलेलं आहे. आपल्याकडे "पोटात दुखतंय, दोन गोळ्या द्या" म्हणून काउंटरवर सर्रास डॉक्टरकी चालते. तिला मोठी भूमिका समजू नकोस. आपलं काम वाढायला हवं ते चिठ्ठीनंतरचं. ते आपल्याकडेही कागदावर आलंय. 2015 च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनी रुग्णाचं समुपदेशन, औषधांचा आढावा, नोंदी ठेवणं हे फार्मासिस्टचं कर्तव्य म्हणून लिहिलं. औषधाचा त्रास झाला तर त्याची नोंद करायला 2010 पासून राष्ट्रीय कार्यक्रम आहे, 1800-180-3024 या नंबरवर फोन फुकट लागतो. फार्मासिस्टच काय, रुग्णही कळवू शकतो. टीबीची औषधं नेणाऱ्याची माहिती सरकारी यंत्रणेला देणं औषध दुकानांना 2018 पासून बंधनकारक आहे. हक्क कागदावर पडून आहेत, बजावणारं माणूस काउंटरवर हवं.

सल्ल्याचे वेगळे पैसे देण्याची आपल्याकडे रीत नाही, हे मी लपवणार नाही. माझं पोट त्यावर थेट भरलं नाही. पण माझ्याकडे साडेतीनशे घरं अशी आहेत की त्यांचा मुलगा बंगळुरूला बसून मोबाइलवर सवलतीत औषधं मागवू शकतो आणि तरी मागवत नाही. म्हणतो, आईची औषधं ताईंकडूनच घ्या, त्या बघतात.

आता तुझ्या तीन वाटा. पुण्याच्या साखळी दुकानात जा, दीड-दोन वर्षांसाठी. मैत्रिणीला आधी दोन गोष्टी विचार. काउंटरवर रुग्णाशी बोलायला पाच मिनिटं मिळतात का, आणि प्रोटीन पावडर, व्हिटॅमिनं खपवायचं टार्गेट किती आहे? टार्गेटसाठी म्हातारीच्या पिशवीत नको ती बाटली टाकावी लागत असेल तर ती नोकरी सोडून हॉस्पिटलच्या फार्मसीत बघ. कराड, सातारा, पुणे, सगळीकडे मोठी हॉस्पिटलं आहेत. मानांकन घेतलेल्या हॉस्पिटलांत चिठ्ठ्या आणि डोस तपासायला क्लिनिकल फार्मासिस्ट ठेवतात. आईला सोडून पुणं नको वाटत असेल तर कराडच तुला सोयीचं. पगार थोडा कमी मिळेल, शिकायला जास्त.

फार्म. डी. बद्दल मी थांब म्हणेन, नको म्हणणार नाही. 2008 ला तो अभ्यासक्रम आला. बी. फार्म. नंतर तीन वर्षं, त्यात एक वर्ष हॉस्पिटलमध्ये. शिक्षण उत्तम आहे. पण तेवढ्या जागा अजून हॉस्पिटलांनी तयार केल्या नाहीत, आणि फी भरून बाहेर पडलेली मुलं मुंबई-पुण्याच्या कंपन्यांत औषधांच्या दुष्परिणामांच्या केसेस संगणकावर भरताना मला दिसतात. ते कामही गरजेचं आहे, पण तुला वॉर्डात उभं राहायचंय. आधी वर्षभर हॉस्पिटलात काम कर, तिथल्या फार्म. डी. झालेल्यांना विचार, त्यांचे दिवस बघ, मग ठरव. सरकारी जागांवरही लक्ष ठेव. प्राथमिक आरोग्य केंद्रांत औषध निर्माण अधिकारी असतो, लोकसेवा आयोगातून औषध निरीक्षक होता येतं. वेर्ण्याला क्वालिटी कंट्रोलला काढलेलं दीड वर्ष त्या मुलाखतीत वाया जाणार नाही.

मामांचं दुकान चार-पाच वर्षांनी टाक, कर्ज कमी आणि गिऱ्हाईक आधीच ओळखीचं असेल तेव्हा. ते गिऱ्हाईक जोडायला आजपासून सुरुवात कर. एक वही घाल. काकूंचं पान, आईचं पान. कोणती औषधं, कुणी दिली, कधीपासून, कशी घेतात, काय त्रास होतो. पिशवी घेऊन आणखी कुणी आलं तर त्यांचंही. अडलं तर महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलचं औषध माहिती केंद्र आहे, तिथे विचार. त्यांच्या उजळणी वर्गांनाही जा. आमच्या पिढीने ते टाळले म्हणून आमच्यातले कितीजण अजून 1995 चीच फार्माकॉलॉजी सांगतात.

आणि त्या प्रमाणपत्राचं. मालकांशी भांडू नकोस. लेखी राजीनामा दे, तारीख घालून, पोच घे. मूळ प्रमाणपत्र ताब्यात घे. अन्न व औषध प्रशासनाच्या नोंदीतून त्या दुकानापुढचं तुझं नाव निघालं का ते स्वतः तपास, मालकांवर सोडू नकोस. नाव तसंच राहिलं तर नव्या नोकरीत अडचण येईल, एका वेळी दोन ठिकाणी फार्मासिस्ट म्हणून लागता येत नाही. सहा हजार बंद झाल्यावर घरात ओढाताण होईल, हे मला समजतं. म्हणून कराडच्या मुलाखती आधी दे, पण दिवाळीच्या पुढे हे लांबवू नकोस. मालक म्हणतील, दुसरी कुणी मिळेल. मिळेलही.

काकांना उत्तर द्यायची घाई करू नकोस. त्यांनाही पिशवी असेल. पुढच्या वेळी आले की घेऊन यायला सांग, टेबलावर ओत आणि एकेक गोळी कशासाठी घेता ते त्यांना विचार.

काकूंचं बीपी उभं राहून किती भरलं आणि डॉक्टर काय म्हणाले, ते मात्र मला लगेच कळव.

तुझी,
ताई